व्हाइट हाउसचे आवतण आल्यास

आपण अमेरिकेतील बंदूकधारकांच्या एखाद्या संघटनेचे पदाधिकारी असाल, तर आज ना उद्या आपल्याला सरकारकडून चर्चेचे आवतण येणारच. कुठे तरी गोळीबार होतो, झेंडे अर्ध्यावर उतरतात आणि थोड्याच दिवसांत ‘सर्व संबंधितांशी विचारविनिमय’ सुरू होतो. मग जावे की न जावे, यावरून आपल्या कार्यकारिणीत रात्र रात्र वाद रंगतो. गेल्यावर तेथे काय बोलायचे हे कोणी विचारीत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याने विनाकारण विषयांतर होते.

न जाणे हा राजमार्ग. नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेचे तेव्हाचे म्होरके वेन लापिएर यांनी मार्च २०११ मध्ये त्याचा कित्ता घालून दिला आहे. टूसॉनला खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घातली गेली आणि सहा माणसे मेली, त्याला दोन महिने झाले होते. ओबामांनी ॲरिझोनातील एका वर्तमानपत्रात लेख लिहिला, दोन्ही बाजूंनी बोलावे असे सुचवले आणि पहिली मागणी केली ती असलेल्याच कायद्यांची नीट अंमलबजावणी व्हावी अशी, म्हणजे एनआरए वर्षानुवर्षे करीत आली तीच. प्रतिपक्ष आपलेच म्हणणे मांडू लागला, की त्याला नकार द्यायला मुद्दा उरत नाही. अशा वेळी मुद्दा सोडून माणसावर यावे. ज्यांनी उभा जन्म दुसरी घटनादुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क, मोडीत काढण्यात घालवला त्यांच्याबरोबर मी का बसावे, असा सवाल लापिएर यांनी केला आणि प्रकरण मिटले.

कधी कधी मात्र जावेच लागते. सँडी हूक शाळेत वीस लहान मुले आणि सहा प्रौढ मारले गेल्याला महिनाही उलटला नव्हता, तेव्हा १० जानेवारी २०१३ रोजी उपाध्यक्ष बायडेन यांनी बोलावले आणि एनआरएने आपला माणूस धाडला. मुख्य नेत्याने स्वतः जायचे नसते. निराशेचे निवेदन त्याच दिवशी काढावे आणि बैठकीचा मुलांच्या सुरक्षिततेशी फारसा संबंध नव्हता अशी खंत त्यात व्यक्त करावी. मसुदा आदल्या रात्रीच तयार ठेवल्यास शुद्धलेखनाच्या चुका टळतात.

बोलल्याने काहीच मिळत नाही का, असे एखादा भाबडा सभासद विचारील. त्याला केकची गोष्ट सांगावी, जी आपल्या मंडळींना तोंडपाठ असते: हक्कांचा केक मुळात आमचा, १९३४ च्या बंदूक कायद्यात एक तुकडा गेला, १९६८ च्या कायद्यात दुसरा, आणि दर वेळी उरलेल्यातला अर्धा मागण्यालाच तडजोड म्हणतात. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यात बंदूक घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी आली, पण खासगी विक्रीला तीतून वगळले गेले, ती त्या वेळची तडजोडच होती; आज तिलाच ‘पळवाट’ म्हणून हिणवले जाते. हा युक्तिवाद खोटा नाही, आणि टिंगल करणाऱ्याची तेथेच पंचाईत होते.

पण सरकारपेक्षा अधिक भ्यावे ते स्वकीयांना. १९३४ मध्ये एनआरएचेच अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक काँग्रेसच्या समितीपुढे गेले आणि बंदुका बाळगून हिंडण्यावर कडक निर्बंध हवेत, परवाना हवा, असे सांगून आले. त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत नारिंगी टोप्या घातलेल्या जहाल सभासदांनी पहाटेपर्यंत सभा चालवून मवाळ पदाधिकाऱ्यांना घरी पाठवले, आणि तेव्हापासून समोरच्याशी बोलण्याआधी मागे वळून टोप्यांचा रंग पाहण्याची रीत पडली. बंदूकहक्कांच्या दुसऱ्या एका संघटनेचे ॲलन गॉटलिब यांनी एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमधील मॅन्चिन-टूमी प्रस्तावाला, म्हणजे खरेदीदारांच्या तपासणीची व्याप्ती वाढवण्याला, पाठिंबा दिला होता. बंदूकमालकांची नोंदवही करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास, असे कलमही त्यात होते. आपल्याच लोकांचा गदारोळ झाला, आणि मतदानापूर्वी पाठिंबा मागे घेतला गेला. साठ मते हवी होती, चौपन्न पडली.

सत्तेवर मित्र असेल तर बेसावध राहू नये. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस ट्रम्प यांनी कॅमेऱ्यांसमोर सांगून टाकले, की आधी बंदुका ताब्यात घ्या, कायद्याची प्रक्रिया नंतर पाहू. ओबामांनी असे काही म्हटले असते तर आपण काय केले असते, याचा विचार करून प्रकृती बिघडवून घेऊ नये. दुसऱ्याच संध्याकाळी एनआरएचे प्रतिनिधी ओव्हल ऑफिसात जाऊन आले आणि सारे सुरळीत झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे चर्चा चालते. फक्त ती कॅमेऱ्याविना आणि अंधार पडल्यावर व्हावी.

एक बोलावणे मात्र नाकारता येत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी भरलेल्या दाव्यात लापिएर यांना जानेवारी २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या न्यायालयात साक्ष द्यावी लागली. विषय दुसऱ्या घटनादुरुस्तीचा नव्हता, संघटनेच्या पैशातून झालेल्या खासगी विमानप्रवासासारख्या खर्चांचा होता, आणि ज्युरीने त्यांना सुमारे ४३ लाख डॉलर परत करण्यास जबाबदार धरले. तेव्हा वॉशिंग्टनला जायचे ठरलेच, तर तिकीट साध्या वर्गाचे काढावे आणि पावती जपून ठेवावी.