पांढरा रंग आधी संपतो

"बाई, पांढरा संपला!"

रविवारचा वर्ग सुरू होऊन तासही होत नाही, तोच हे ऐकू येतं. पोस्टर कलरच्या संचात बाराही बाटल्या सारख्याच मापाच्या असतात. पांढरा मात्र सगळ्यांत मिसळावा लागतो. आभाळ फिकं करायला तोच, पितळी तांब्यावरची चकाकी दाखवायलाही तोच. परवा सातवीतल्या एका मुलीने रिकाम्या बाटलीत चार थेंब पाणी घातलं, झाकण लावून खळखळून हलवली आणि त्या दुधी पाण्याने चकाकी काढायला बसली. ती काही उमटली नाही, कागद तेवढा फुगला. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी अकरा वर्षं हा वर्ग घेतेय. फी नाही. सध्या ३४ मुलं येतात, बरीचशी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसतात. गेल्या वर्षी गावातल्या एका नोंदणीकृत संस्थेच्या नावावर एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, मदत मिळाली. आम्हाला फार आनंद झाला होता. पण मंजुरीच्या कागदावर साहित्याचे संच, चित्रकला स्पर्धा, बक्षीस समारंभ आणि फ्लेक्स एवढंच होतं. शिकवणाऱ्याचं मानधन नाही, प्रवासखर्च नाही. सुटा पांढरा रंग मागितला, तर संचच मंजूर आहेत असं उत्तर आलं. जुलैत संच आले, ऑगस्टअखेर पांढरा संपला. जांभळा अजून कपाटात आहे, वाळून घट्ट झालाय.

कला शिक्षणाला पैसा देणाऱ्यांशी मला याच मुद्द्यावर भांडायचंय. मूल चित्र काढायला शिकतं ते दर आठवड्याला कुणीतरी शेजारी बसून "हा तांब्या डावीकडे कललाय बघ" म्हणतं, तेव्हा. त्या बसणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं टिकवायला पैसे लागतात. एका दिवसाच्या स्पर्धेने ते होत नाही.

कायद्याची अडचण आहे म्हणावं, तर तसंही नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, कला आणि संस्कृतीही आहे. शिवाय चालू प्रकल्प म्हणून घेतलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम चालवता येतं. मग दर मार्चला आम्ही पुन्हा शून्यावर का यायचं?

शाळेकडे बघावं, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच. मुख्याध्यापकांनी त्यातून चित्रांसाठीचा जाड कार्ट्रिज पेपर कुठून आणायचा? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सांगितलाय, पण तोही पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे वाडीवस्तीवरच्या पोराने हातात ब्रश कधी धरायचा?

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. ती शाळा आजही चालू आहे, तिथे अजूनही कुणीतरी शिकवतंय. पैसे असे लावायचे असतात.

आमच्याच जिल्ह्यात औंधला तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. ते स्वतः चित्रकार होते. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं बघायला मिळतात. यंदा पालकांनी वर्गणी काढून जीप केली आणि आम्ही मुलांना नेलं. आठवीतला एक मुलगा चित्रातल्या साडीच्या काठासमोर इतका वेळ उभा होता की शेवटी मला हाताला धरून त्याला बाहेर आणावं लागलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "बाई, त्यात सोनेरी रंग नाहीचए. पिवळा, तपकिरी आणि पांढरा आहे."

हे त्याला वर्गात सांगून कधीच कळलं नसतं.

यंदाचा अर्ज कालच पाठवला. पहिल्या ओळीत तीन वर्षांचं मानधन लिहिलंय, दुसऱ्या ओळीत औंधची जीप, आणि तिसऱ्या ओळीत पांढरा पोस्टर कलर, ५०० मिलीच्या बाटल्या, २४ नग. समारंभाची ओळ मी खोडलीय.