दुखणं सांगू नका, उशाशी काय होतं ते सांगा

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारे हमखास दोन सल्ले देतात. आता आराम कर, आणि कशात तरी मन रमव. दुसरा सल्ला ऐकून बरेच जण कवितेकडे वळतात. वही येते, चार पानं भरतात, आणि वही कपाटात जाते. ओपन माईकच्या कट्ट्यावर, म्हणजे जिथे कोणीही नाव देऊन आपलं लिखाण लोकांसमोर म्हणू शकतं तिथे, अशी माणसं आली की प्रश्न ठरलेला असतो: "लिहिलंय बरंच, पण लोकांसमोर बोलायचं कसं?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी मत सांगून टाकते. नुसतं लिहिल्याने जगायला कारण मिळतं यावर माझा फारसा विश्वास नाही. ते मिळतं बोलल्याने. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, तीस-चाळीस माणसांसमोर तीन मिनिटं बोलायचंय, एवढं ठरलं की त्या महिन्याला आकार येतो. आजारपणात तारखांना तोटा नसतो: ओपीडीची, स्कॅनची, पुढच्या केमोची. पण त्या सगळ्या दुसऱ्याने दिलेल्या. ही एक तारीख आपण मागून घेतलेली असते, आणि त्या दिवशी आपली वाट बघणाऱ्यांना आपले रिपोर्ट माहीत नसतात.

आता "कविता हेच औषध" म्हणणाऱ्यांसाठी थोडं. लिहिण्याचा तब्येतीशी संबंध तपासला गेलाय हे खरं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या अतिशय वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी भरल्या. १९९९ मध्ये दमा आणि आमवाताच्या रुग्णांवर तसाच प्रयोग झाला, तीन दिवस, रोज वीस मिनिटं. चार महिन्यांनी तपासल्यावर लिहिणाऱ्या गटात सुधारलेले जास्त निघाले. पण दोन गोष्टी लोक सोयीने विसरतात. ते लिखाण चारचौघांत वाचून दाखवायचं नव्हतं. आणि लिहून उठल्याबरोबर मुलांना हलकं वाटलं नव्हतं, उलट जास्त खचल्यासारखं झालं होतं. नंतरच्या अभ्यासांत तर सरासरी फायदा लहानसाच दिसला. तेव्हा लिहून झाल्यावर जीव उदास झाला तर आपलं काही बिघडलं असं समजू नका. लिहायचं ते सकाळी, झोपायच्या आधी नको. गोळ्या चालूच ठेवायच्या, हे वेगळं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

पहिला खर्डा जवळजवळ सगळ्यांचा एकसारखा येतो. वेदनेचा अथांग सागर, नियतीचा घाला, आशेचा किरण. हे शब्द इतके हाताळलेले आहेत की कानाला लागतच नाहीत. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकोबांचं घर बसलं, त्याबद्दल त्यांनी स्वतः अभंगात काय सांगितलंय ते आठवा. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. दुःखाला एकही विशेषण लावलेलं नाही. कीर्तनात समोर बसलेल्या माणसाला त्याहून जास्त लागत नाही.

म्हणून कवितेचा विषय आजार ठेवू नका, आजारपणातली एखादी वस्तू ठेवा. समजा, खर्डा असा आहे:

मृत्यूच्या छायेत मी एकाकी झुरत होतो,
आशेचा एक किरण शोधत होतो.

लिहिणारा नऊ रात्री वॉर्डात होता. उशाशी काय होतं, डोळे उघडल्यावर समोर काय दिसायचं, एवढंच लिहायला सांगितलं तर त्याच वहीत हे येऊ शकतं:

पंख्याला तीन पाती. एक वाकडं.
दर फेरीला टक्.
मी मोजतोय बघून
शेजारच्या कॉटवरचे काका म्हणाले,
नको मोजू. माझं झालंय मोजून.

मृत्यू हा शब्द कुठेच नाही, आणि तरी काकांच्या वाक्यानंतर काही क्षण कोणी हलत नाही. हे जमवायला सोपा सराव आहे. दहा मिनिटं लावायची आणि पंधरा वस्तू लिहायच्या: डिस्चार्ज कार्ड, वारांची नावं असलेला गोळ्यांचा डबा, बिलांची फुगलेली फाइल, घरून आलेल्या डब्याचं न उघडणारं झाकण. प्रत्येकीपुढे तिचं एक काम, एक क्रियापद. भावनेचा शब्द लिहायचा नाही. मग पंधरातली एक निवडायची आणि बाकीच्या चौदांना हात लावायचा नाही. इथेच गाडी अडते, कारण प्रत्येकाला निदानापासून डिस्चार्जपर्यंत सगळं सांगायचं असतं. तीन मिनिटांत ते मावत नाही, आणि कोंबलं तर केस पेपर वाचून दाखवल्यासारखं होतं.

तीन मिनिटांचा हिशोब असा. मराठीत, थांबे धरून, मिनिटाला नव्वद ते शंभर शब्द होतात. म्हणजे धडधाकट माणसाला पावणेतीनशे. नुकत्याच उठलेल्याने दोनशे वीसवर थांबावं. वरचे पन्नास दमासाठी राखून ठेवायचे. कागदावर पेन्सिलने खुणा करा, एक तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन म्हणजे पूर्ण थांबा. या खुणा डोळ्यांनी वाचून करायच्या नाहीत. मोठ्याने म्हणत खोलीत चाला आणि श्वास जिथे आपोआप तुटेल तिथे रेघ मारा. फुप्फुसाचं दुखणं असेल किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर एका श्वासात सहा-सात शब्दच निघतात. मग ओळच सहा शब्दांची करा, लपवू नका. स्पोकन वर्ड, म्हणजे कविता छापण्यापेक्षा लोकांसमोर बोलणं, हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांना मी जात्यावरच्या ओव्या ऐकायला सांगते. दळणाऱ्या बाईचा हात आणि दम जिथवर पोचेल तिथवर ओळ. गी पॉइत्वां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यांतल्या कितीतरी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या.

तारीख ठरवताना तब्येतीचं वेळापत्रक आधी बघा. एकवीस दिवसांच्या केमोच्या सायकलमध्ये पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली असतात. त्या आठवड्यात बंद, गर्दीच्या कॅफेत जायचं नाही. पुढच्या सायकलच्या आधीचे चार-पाच दिवस त्यातल्या त्यात बरे, पण औषधाप्रमाणे हे बदलतं, म्हणून डॉक्टरांना तारीख सांगून विचारा. टीबीच्या पेशंटने "आता संसर्ग नाही" असं डॉक्टरांनी म्हटल्यावरच माईक धरावा, टीबी खोकताना-बोलताना हवेतून पसरतो. आणि स्टेरॉइडवर असाल तर एक गंमत ध्यानात ठेवा. झोप उडते, रात्री तीनला झपाट्याने लिहिलं जातं, आणि ते सगळं अफाट वाटतं. लिहा बिनधास्त, पण आठ दिवस कोणाला पाठवू नका.

पाठांतराचा हट्ट सोडा. केमोनंतर, मोठ्या तापानंतर, कधी ऑपरेशननंतरही शब्द ऐन वेळी हातातून निसटतात. ते नेमकं स्टेजवर झालं की माणूस पुन्हा वर चढत नाही. कागद घेऊन वाचणं कमीपणाचं नाही, स्लॅमच्या, म्हणजे गुण देऊन होणाऱ्या कवितेच्या स्पर्धेच्या, नियमांतही कागद चालतो. मात्र चार घड्या घातलेला नको. जाड कार्डशीट घ्या, एकाच बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, कोपऱ्यात आकडा टाका. काही केमोंनी बोटं बधिर होतात, तेव्हा पातळ पानं एकदम दोन उलटतात आणि कवितेचा मधला भाग गायब होतो. मोबाईलवरून वाचणार असाल तर फ्लाइट मोड लावा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा. हळव्या ओळीला कर्जवाल्या कंपनीचा फोन येतोच.

माईक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. अगदी समोर धरला तर प, फ, भ फुटतात. जाळी मुठीत धरायची नाही, आवाज घुमतो. स्पीकरच्या समोर उभं राहिलं की शिट्टी वाजते, तेव्हा माईक न झाकता स्पीकरच्या समोरून बाजूला सरका. उभं राहवत नसेल तर खुर्ची आधीच मागून ठेवा आणि माईकचा स्टँड बसून तपासा. ऐन वेळी खुर्ची आणली की टाळ्या कवितेआधीच सुरू होतात आणि त्या दयेच्या असतात. मानेला किंवा तोंडाला रेडिएशन झालं असेल तर लाळ कमी सुटते. साध्या पाण्याची बाटली जवळ ठेवा. घसा खाकरण्यापेक्षा एक घोट गिळलेला बरा, खाकरल्याने स्वरतंतू आणखी चिडतात.

रडू येणं हा सगळ्यांचा खरा धसका. घरी एका विश्वासाच्या माणसासमोर कविता पाच वेळा म्हणा. पाचही वेळा एकाच ओळीला आवाज फुटत असेल तर ती ओळ अजून स्टेजवर न्यायची नाही. तिच्या जागी एखादी वस्तू येते का बघा. एक-दोनदाच फुटला तर चिंता नको. स्टेजवर तसं झालं तर श्वास आधी सोडा (लोक धाप टाकल्यासारखा आत ओढतात आणि आणखी अडकतात), नजर मागच्या भिंतीवर न्या, पायाचे तळवे जमिनीवर दाबा आणि मनात चार मोजा. ऐकणारे थांबतात. सॉरी म्हणायचं नाही, त्याने सगळं लक्ष कवितेवरून तुमच्यावर येतं. आणि कवितेत दुसरं माणूस असेल, बायको, शेजारच्या कॉटवरचा पेशंट, कोणीही, तर नाव काढा किंवा आधी विचारा. त्यांचं दुखणं आपल्या टाळ्यांसाठी नसतं.

स्लॅमबद्दल माझं मत थोडं कडू आहे. शिकागोत बांधकामावर काम केलेले मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये ग्रीन मिल या बारमध्ये तो रुजवला. प्रेक्षकांतून पाच परीक्षक निवडायचे, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून तीनांची बेरीज करायची. तीन मिनिटांवर दहा सेकंदांची सूट, पुढे गुण कापायचे. वाद्य नाही, वेशभूषा नाही. कंटाळवाण्या काव्यवाचनावर हा उतारा म्हणून झकास आहे. पण कॅन्सरची कविता २७.४ आणि नोकरी गेल्याची २६.९, हे ऐकून घरी जाणाऱ्याच्या मनात काय होतं? हळूहळू माणसं गुणांसाठी दुखणं वाढवून सांगू लागतात. म्हणून पहिले पाच-सहा प्रयोग ओपन माईकवरच करा.

अर्थात स्लॅममधूनच अमेरिकन कवी अँड्रिया गिब्सन यांच्यासारखं नावही आलं. २००८ ची पहिली विमेन ऑफ द वर्ल्ड पोएट्री स्लॅम गिब्सन यांनी जिंकली. २०२१ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरचं निदान झालं, तरी बोलणं थांबलं नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडोचं राजकवीपद मिळालं, आणि जुलै २०२५ मध्ये निधन झालं. मधल्या चार वर्षांच्या कविता ऐकल्या तर त्यांत रोगाशी लढाईची आरोळी फार कमी सापडते.

मुंबई-पुण्यात कॅफेंमधले ओपन माईक आहेत, पण त्यासाठी शहर गाठायची गरज नाही. साहित्य संमेलनात कविकट्टा असतो. गावच्या वाचनालयात, गणेशोत्सवात, कोजागरीच्या कविसंमेलनात पाच मिनिटं मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. फक्त सूत्रसंचालकाला आधी बजावून ठेवा: "कर्करोगावर मात केलेले आपले..." अशी ओळख नको. नाव सांगा, गाव सांगा, खाली बसा.

आणि कुठेच काही नसेल तर आठ माणसं, एक खोली आणि महिन्याचा एक ठरलेला वार पुरतो. आठांना माईक लागत नाही. ज्या महिन्यात बोलायची ताकद नसेल त्या महिन्यात घरी बसू नका, घड्याळ सांभाळायला या. मागच्या रांगेत बसायचं, अडीच मिनिटं झाली की मोबाईलची बॅटरी एकदा चमकवायची, तीन झाली की दोनदा. थकलेल्या हातालाही ते जमतं, आणि सातही जणांचं ऐकून होतं.