वकील झोपला तरी चालतं?

'फाशीविरुद्ध इतकी अपिलं करू देतात, मग वकील निकृष्ट होता ही रड कशाला?' हा लेखातला सूर अजिबात पटला नाही. अमेरिकेत ही तक्रार जिंकणं महाकर्मकठीण आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८४च्या स्ट्रिकलंड निकालाप्रमाणे कैद्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. वकिलाचं काम वाजवी दर्जाच्या खाली होतं, आणि ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती. पहिली एकवेळ जमते, दुसरीपाशी गाडं अडतं. वकिलाने जो साक्षीदार शोधलाच नाही, तो काय बोलला असता हे कोठडीत बसून कसं दाखवणार?

टेक्सासमधल्या बर्डाइन या फाशीच्या कैद्याचा खटला बघा. बचावाचा वकील सुनावणीत चक्क डुलक्या घेत होता, हे ज्यूरीतल्या लोकांनी आणि कोर्टाच्या कारकुनाने सांगितलं. तरी २००० साली संघीय अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं की, तो नेमका महत्त्वाच्या वेळी झोपला होता हे सिद्ध होत नाही! पुढच्या वर्षी त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने हे फिरवलं, तेही ९ विरुद्ध ५. म्हणजे ५ न्यायाधीशांना तरीही पटलं नव्हतंच.

आणि 'आपल्याकडे असं होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल खटल्यात सरकारी खर्चाने वकील नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशी. सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये ती रद्द केली, अशा खटल्यांत वकिलाला तयारीसाठी किमान ७ दिवस द्या असं बजावलं. २०२४ साली तो माणूस निर्दोष सुटला.