बाप्तिस्म्याच्या फोटोंपुरती साथ नको

इस्लाममधून कॅथलिक झालेल्यांना पॅरिशने, म्हणजे त्यांच्या चर्चच्या स्थानिक मंडळीने, उघडपणे साथ द्यावी, असं एका लेखात वाचलं. साथ द्यावी हे मान्य. ‘उघडपणे’ला मात्र माझा विरोध आहे. कर्नाटकचा धर्मांतरविरोधी कायदा विधानसभेत मंजूर झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये, आमच्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून इथे बाप्तिस्म्याचे फोटो स्टेटसला लावणं म्हणजे त्या माणसाच्या घरावर गर्दी बोलावणं.

घाईही नको. प्रौढांची बाप्तिस्म्यासाठीची तयारी नीट केली तर वर्षभरसुद्धा चालते, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार), कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) एकदमच देतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घरी दखनी बोलणारा माणूस कोंकणी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) शेवटच्या बाकावर बसतो, संपल्यावर त्याच्याशी कोण बोलतं? नाताळ कुणाकडे? भाड्याची खोली सुटली तर? गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी उभा राहणारा, सहीपुरता नसावा, रात्री फोन केला तर उचलणारा असावा.

वकिलाची एक भेटही घालून द्या. धर्म बदलल्यावर वारसाहक्काचं काय होतं, हे त्याच्याकडून समजून घेऊ दे. विवाहित मुस्लिम बाईने धर्म सोडला तरी तेवढ्याने लग्न मोडत नाही, हे १९३९ च्या कायद्यात आहे. खानापूर, निपाणीकडच्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि कृपा करून त्यांना स्टेजवर उभं करून जुन्या धर्माला शिव्या द्यायला लावू नका. त्यांची अम्मी अजून रोजे धरते, आणि ईदला त्यांना तिच्याकडे जायचं असतं. जाऊ दे की!