रॉयल्टीचं बोलायचं कुणी?

डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरला की आमच्या पुण्याच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. विक्रीचे आकडे कोटींत छापून येतात आणि कुणीतरी विचारतं, यातले लेखकाच्या हातात किती? एक पक्ष म्हणतो, मराठीत लिहून कुणाचं पोट भरलंय, नोकरी सांभाळा आणि हौस म्हणून लिहा. दुसरा पक्ष आम्हा बाहेरच्यांना साक्षीला उभं करतो : तिकडे बघा, लेखक लेखणीवर जगतो, दळभद्रीपणा सगळा आपल्याकडेच. इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये नोकरी करून उरल्या वेळात मराठीत लिहिणारी मी, त्यामुळे माझी साक्ष गृहीतच धरलेली असते. ती मी देणार नाही, कारण ती खोटी ठरेल.

ब्रिटनमध्ये लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांची पाहणी ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी लेखकांच्या हक्कवसुली संस्थेसाठी केली होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात लेखनातून होणारी मध्यक कमाई वर्षाला ७,००० पौंड निघाली, म्हणजे निम्म्या लेखकांची त्याहूनही कमी. २००६ मध्ये ती १२,३३० होती. इथल्या घरभाड्यांची ज्याला कल्पना आहे त्याला पुढचं सांगायला नको. बहुतेक लेखक शिकवतात, संपादन करतात, कार्यशाळा घेतात किंवा जोडीदाराच्या पगारावर घर चालतं. म्हणजे सदाशिव पेठेत चालतं तसंच.

रॉयल्टीच्या, म्हणजे पुस्तकाच्या किमतीतल्या लेखकाच्या वाट्याच्या, टक्क्यांचं म्हणाल तर आपला लेखक मागेही नाही. इथे साध्या बांधणीच्या पुस्तकावर साडेसात टक्के हा जुना रुळलेला दर. मराठीत दहा टक्के सर्रास बोलले जातात. गोची संख्येत आहे. ३०० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रतींची आवृत्ती, दहा टक्क्यांनी झाले १५,००० रुपये, तेही आवृत्ती संपेल तेव्हा. त्यावर कुणी नोकरी सोडू नये, इथवर पहिल्या पक्षाशी माझं भांडण नाही.

भांडण पुढच्या वाक्याशी आहे. 'एवढ्याशा रकमेसाठी हिशोब कसला मागायचा?' इथे मोठ्या आणि मधल्या प्रकाशकांकडून वर्षातून दोनदा पत्रक येतं : छापल्या किती, विकल्या किती, परत आल्या किती, देणं किती. रक्कम चहापाण्याची असली तरी पत्रक येतं. पुण्यातही असं पत्रक न मागता पाठवणारे प्रकाशक आहेत आणि त्यांचे लेखक त्यांना सोडून जात नाहीत. बाकीच्या ठिकाणी मात्र पहिली आवृत्ती संपली की नाही हे लेखकाला अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराकडून कळतं.

मला इथली खरी हेवा वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं की सरकार लेखकाला पैसे देतं. दर एका उचलीमागे, म्हणजे पुस्तक एकदा नेण्यामागे, दहा पेन्सच्या आसपास, दरवर्षी थोडा बदलतो. एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर मिळत नाहीत, त्यामुळे खपाऊ लेखक सगळी थैली घेऊन जात नाही. अनुवादकालाही हिस्सा मिळतो. वाचकाच्या खिशातून छदाम जात नाही. पुस्तक कुठल्या भाषेतलं याची अट नाही, लेखक इथला किंवा युरोपातला रहिवासी हवा. आमच्या ग्रंथालयात गुजरातीचं अख्खं कपाट आहे. त्याच्या शेवटच्या खणात दोन-चार मराठी पुस्तकं दाटीवाटीनं बसलेली असतात, पण उद्या मी लिहिलेलं पुस्तक तिथे आलं आणि कुणी नेलं तर त्याचीही नोंद होऊ शकेल.

हे काही कुणी उदार होऊन दिलेलं नाही. कादंबरीकार जॉन ब्रॉफी यांनी दर उचलीमागे लेखकाला एक पेनी द्या अशी मागणी १९५१ मध्ये केली, तेव्हा ती थट्टेवारी नेली गेली. पुढे त्यांची मुलगी ब्रिजिड आणि मॉरीन डफी या दोघी लेखिकांनी सत्तरच्या दशकात लेखकांना गोळा करून खासदारांचा पिच्छा पुरवला. कायदा १९७९ मध्ये झाला, पहिले पैसे १९८४ मध्ये मिळाले.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनुदान घेणारी ग्रंथालयं हजारोंनी आहेत. पुण्याचं नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं. म्हणजे सांगाडा तयार आहे. वेल्समधलं 'हे-ऑन-वाय' नावाचं पुस्तकांच्या दुकानांचं गाव पाहून आपण २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं, छानच केलं. उचलीमागे मानधनाची ही योजना मात्र कुणाच्या नजरेस पडली नाही, किंवा पडूनही तिथे फीत कापायला काही नसल्यामुळे राहिली असेल. ती आणली तर आणखी एक होईल. ग्रंथालयांच्या गळ्यात भरमसाट सवलतीवर मारायची म्हणून छापलेली जी पुस्तकं आहेत, ती कुणी उचलत नाही हे कागदावर येईल. सध्या मोजली जाते ती खरेदी, वाचन कुणी मोजत नाही. सुरुवात संगणकावर देवघेव होणाऱ्या, सरकारी वर्गवारीतल्या 'अ' वर्गाच्या ग्रंथालयांपासून करता येईल. इथेही सगळी ग्रंथालयं एकदम मोजत नाहीत, नमुन्यादाखल निवडलेल्यांवरून हिशोब बांधतात.

सरकार हलेल तेव्हा हलेल. लेखकाच्या हातात आहे ती गोष्ट म्हणजे करार. माझ्या पुण्यातल्या एका मैत्रिणीचा करार मी पाहिला. लेटरहेडवर सात ओळी, 'आपले पुस्तक प्रकाशित करण्यास आनंद होत आहे', खाली सही. मुदत नाही, टक्के नाहीत, ध्वनिपुस्तकाचा आणि अनुवादाचा उल्लेखच नाही. गंमत म्हणजे अशा वेळी कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून वाचा, मराठी मासिकातल्या समीक्षेपेक्षा सोपं आहे. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. म्हणून 'सर्व प्रकारचे सर्व हक्क कायमस्वरूपी' ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. छापील, ई-पुस्तक, ध्वनी, अनुवाद, चित्रपट असं एकेक वेगळं लिहून द्या. स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचं अ‍ॅप २०१७ मध्ये मराठीत उतरलं तेव्हा कित्येकांना आपला ध्वनिहक्क कुणाकडे आहे हेच सांगता येईना.

आपल्याकडे हक्कपृष्ठावर बायकोचं नाव घालायची जुनी रीत आहे. प्रेमानं घालत असतील, पण लेखी हस्तांतर केलं नसेल तर नुसत्या छापील नावानं हक्क तिच्याकडे जात नाही आणि मुलांच्या पिढीत त्यावरून कोर्टकचेरी होते. शिवाय जुन्या प्राप्तिकर पद्धतीत रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट देणारं ८०क्यूक्यूबी हे कलम भारतात राहणाऱ्या लेखकासाठी होतं, त्याच्या कुटुंबासाठी नव्हे. (आमच्यासारख्या अनिवासींनाही नव्हे, तेव्हा माझा मत्सर समजून घ्या.)

आता पैसे भरून पुस्तक काढण्याचं. त्यात पाप काही नाही. पाप आहे ते न विचारण्यात. 'पॅकेज'मध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर उठून या : भारतात तो राजा राममोहन राय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, इथे मात्र विकत घ्यावा लागतो. प्रती छापल्या किती याची छापखान्याची पावती मागा. आणि अक्षरजुळणीची फाइल युनिकोडमध्ये मागा. पुण्यातली अर्धीअधिक अक्षरजुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत होते. त्या फाइलीवरून पुढे ई-पुस्तक करायला गेलं की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे, अख्खं मुद्रितशोधन पुन्हा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर स्वतः टाकायचं तर ७० टक्क्यांचा दर भारतातल्या विक्रीवर फक्त त्यांच्याकडेच ई-पुस्तक ठेवलं तर मिळतो, नाहीतर ३५. तोही करारच आहे, तोही वाचा.

'इतकं विचारलं तर प्रकाशक दुखावतील,' असं मैत्रीण म्हणाली. दुखावतील काही. कागद महाग झालाय, वितरक चाळीस टक्के घेऊन वर उधारी ठेवतो, पुस्तक आल्याच्या आठवड्यात त्याची पीडीएफ फिरते आणि ती फिरवणाऱ्यांत आपलेच काका-मामा असतात. प्रकाशकाची ही रड खरी आहे. पण त्यानं छापखान्याचं बिल थकवलं तर छपाईचा पुढचा फर्मा निघत नाही, लेखकाचं थकवलं तर काहीच होत नाही, म्हणून लेखक रांगेत शेवटी उभा राहतो. इथल्या लेखकसंघात वर्गणी भरली की करार तपासून मिळतो, प्रत्येक कलमावर शेरा मारून. तो संघ १८८४ चा. आपली महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, वयानं फार धाकटी नाही. तिच्या टिळक रस्त्यावरच्या वास्तूत शनिवारी संध्याकाळी दोन तास एक वकील बसवावा, नमुना करार छापून ठेवावा, पानामागे फी घ्यावी. मी ती इथून आनंदानं भरेन, आणि पहिला कागद त्या सात ओळींचा पाठवेन.