शिंपल्यांचा पुरावा
जुन्या जीवाश्मांवरून आजचा समुद्र कसा वाचवायचा ते ठरवावं, हा एका लेखात वाचलेला मुद्दा एकदम पटला. प्रत्येक पिढी आपण पाहिला तोच समुद्र नॉर्मल धरते, मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉलींनी १९९५ लाच हे मांडलं होतं. मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी बघा, किनाऱ्यावर जुन्या शिंपल्यांचे अक्षरशः बांध साचलेत, त्यात म्युलिनिया नावाच्या एकाच जातीचा भरणा, आणि जिवंत म्युलिनिया शोधायला गेलं तर क्वचितच सापडते, कारण वर धरणं झाली नि गोडं पाणी खाली यायचं जवळपास थांबलंच. हे शिंपले नसते तर तिथे काय होतं ते कळलंही नसतं!! म्हणून समुद्रातलं संरक्षित क्षेत्र ठरवताना नुसता अलीकडचा डेटा घेऊन बसू नका, तळातल्या गाळाचे नमुनेपण काढा, जीवाश्मवाल्यांना पहिल्या मीटिंगपासून बोलवा प्लीज.