घरमालक त्याच घरात राहतो म्हणून डिपॉझिट बुडत नाही

पुण्यात कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलामुलींच्या गटांत एक संदेश नव्याने फिरू लागतो. मालक त्याच घरात राहत असेल तर तुम्ही भाडेकरू नसून पाहुणे आहात, तेव्हा कोणताही कायदा तुमच्या बाजूने नाही. लेखी करार नसेल तर डिपॉझिट विसरा. रंगकाम आणि नोटिशीचा महिना यांपोटी मालक सगळी रक्कम ठेवून घेऊ शकतो. आणि म्हणून शहाण्याने शेवटचे दोन महिने भाडेच देऊ नये, असे त्याचे थोडक्यात म्हणणे असते. संदेशाचा सूर इतका ठाम असतो की वाचणारा मालकाला साधे विचारण्याच्याही भानगडीत पडत नाही.

पहिल्या दाव्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो पसरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्याच अशी आहे, की परवाना (म्हणजे जागा वापरण्याची परवानगी) देणारा मालक स्वतः ज्या जागेत राहतो तिचाच काही भाग ज्याला वापरायला दिला आहे अशी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती. त्याच कायद्यातील ‘लायसन्सी’च्या, म्हणजे परवान्यावर जागा वापरणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला स्पष्टपणे वगळले आहे. या कारणाने, संदेशाला उत्तर देणारी मंडळी ज्या कलम ५५ चा दाखला देतात (करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि तसे नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य), ते कलम पेइंग गेस्टला बिनदिक्कत लागू होते असे धरून चालणे धोक्याचे आहे. त्यावर वाद घालायला मालकाच्या वकिलाला भरपूर जागा आहे.

परंतु भाडे नियंत्रणाचा कायदा प्रामुख्याने जागेत टिकून राहण्याच्या हक्काबद्दल, भाड्याबद्दल आणि ताब्याबद्दल बोलतो. त्याचे संरक्षण नाही याचा अर्थ मालकाने खोली सोडायला सांगितली तर फार काळ अडून बसता येणार नाही, एवढाच. परत करण्याच्या बोलीवर दिलेली रक्कम मालकाची होते, असा अर्थ त्यातून कुठूनही निघत नाही. ती बोली भारतीय करार अधिनियम, १८७२ खाली येते, आणि त्या कायद्याला मालक वरच्या मजल्यावर राहतो की शेजारच्या खोलीत याच्याशी देणेघेणे नाही. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवाना रद्द केला तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळते. सामान जिन्यात काढून ठेवून, डिपॉझिटचे नंतर बघू, असे म्हणणारा मालक दोन्हीकडून चुकतो.

‘करार नाही म्हणजे पुरावा नाही’ हा दुसरा दावा. तोंडी करारही करारच असतो. अडचण फक्त तो सिद्ध करण्याची. आणि आजच्या काळात पंधरा हजार रुपये कोणी पत्र्याच्या डब्यात ठेवायला देत नाही. ते यूपीआयने जातात आणि बँकेच्या उताऱ्यावर तारखेसह उमटतात. माझ्या भाचीचे सदाशिव पेठेतले प्रकरण मी जवळून पाहिले. करार नव्हता, पावती नव्हती. तिने खोली सोडल्यावर मालकीणबाईंना लिहिले, “काकू, डिपॉझिटचं कधी जमेल?” उत्तर आले, “रंगाचं बिल येऊ दे, मग तुझ्या पंधरातून वजा करून देते.” काकूंच्या लक्षात आले नाही, पण या एका ओळीत त्यांनी डिपॉझिट मिळाल्याचे, त्याच्या रकमेचे आणि ते परत करायचे असल्याचेही कबूल केले होते. असे संदेश न्यायालयात दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ संवाद किंवा जुना फोन टाकून देऊ नये.

तिसऱ्या दाव्यातली चूक सर्वांत महागात पडते. डिपॉझिट हे खऱ्या नुकसानीसाठीचे तारण असते. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही ठरलेल्या रकमेच्या आत. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तपासले होते. प्राधिकरणाने ७८ लाख रुपयांची इसारा रक्कम जप्त केली आणि तोच भूखंड पुढे कितीतरी चढ्या भावाने विकला. नुकसानच झाले नाही तर जप्ती कसली, म्हणून ती रक्कम परत करावी लागली. भूखंडाचा हा हिशेब खोलीलाही लागू पडतो. महिन्याची नोटीस द्यायची असे ठरले होते आणि ती दिली नाही, तर मालकाची तक्रार रास्त आहे. पण खोली चौथ्या दिवशी दुसऱ्या मुलीला दिली असेल तर पूर्ण महिन्याचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. फुटलेल्या बेसिनचे पैसे द्यावेत. दोन वर्षांच्या वापराने मळलेल्या भिंतीचे का द्यावेत, हे मात्र मालकाने बिल दाखवून पटवून द्यायला हवे.

शेवटचे दोन महिने भाडे थकवण्याचा सल्ला मला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्यामुळे थकबाकीदार तुम्ही ठरता आणि जागेत राहण्याचे कायदेशीर कवच आधीच पातळ असते. मालकाने “डिपॉझिटमधून वळते करू” असे लिहून दिले तर गोष्ट निराळी. दुसऱ्या टोकाला, ‘कायद्याने डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही’ असेही काही जण सांगतात. ती मर्यादा २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातली आहे, आणि तो राज्याने स्वीकारल्याशिवाय आपोआप लागू होत नाही.

पोलीस बहुतेक वेळा हा दिवाणी मामला असल्याचे सांगून परत पाठवतात, आणि केवळ पैसे थकले असतील तर ते चुकीचे नसते. खोली सोडताना भिंती, नळ, पंखा यांचे फोटो काढावेत, किल्ली दिल्याचा संदेश पाठवावा आणि रक्कम आली नाही तर पोचपावतीसह लेखी मागणी पाठवावी. तीत पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि त्यानंतर व्याज मागू असे स्पष्ट लिहावे, कारण व्याज अधिनियम, १९७८ खाली अशा लेखी सूचनेच्या तारखेला महत्त्व असते. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. वकिलाच्या खर्चाची भीती घालणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज केला तर प्रकरण लोकअदालतीत जाते, तिथे न्यायालयीन शुल्क नसते, आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. मालक आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही, तर मात्र दावा लावण्यावाचून गत्यंतर नाही.

भाचीवर अर्जापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. मागणीपत्राची पोचपावती परत आल्यावर चौथ्या दिवशी काकूंनी बेसिनच्या नळाचे आठशे रुपये कापून बाकीची रक्कम पाठवली. नळ तिच्याच हातून तुटला होता, त्यामुळे त्या आठशेबद्दल ती काही बोलली नाही.